वय किती, वजन किती, उंची किती

सकाळी ६:१०
मिरजेतलं एक ट्रस्टचं रुग्णालय. जानेवारी आहे. स्त्री-वॉर्डाच्या खिडक्या बंद, दिवे नुकतेच लागलेत. लॅबचा मुलगा ट्रे घेऊन एक नंबरच्या खाटेपासून सुरुवात करतो. रबरी पट्टा, स्पिरिटचा बोळा, सुई, दोन नळ्या. जांभळ्या टोपणाची रक्तपेशींसाठी, लाल टोपणाची बाकी तपासण्यांसाठी. थंडीत शिरा सापडत नाहीत. म्हाताऱ्या माणसाचा हात तो आधी आपल्या दोन्ही तळव्यांत धरतो, ऊब देतो, मग पट्टा बांधतो. त्याची रात्रपाळी संपायला अजून दोन तास आहेत.

लाल टोपणाच्या नळीतलं रक्त गोठतं. नळी यंत्रात फिरवली की वर पिवळसर पाणी उरतं. किडनीचं काम तपासायला त्यात पिक्रिक आम्ल आणि अल्कली मिसळतात. क्रिएटिनिन जितकं जास्त, तितका केशरी रंग गडद. मॅक्स याफे या जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञानं ही रंगाची क्रिया १८८६ साली नोंदवली. आता रंग यंत्र मोजतं, पण या लॅबमधलं रसायन अजून तेच. कावीळ झालेल्या माणसाचं ते पाणीच पिवळंजर्द असतं, आणि मग क्रिएटिनिन असतं त्यापेक्षा कमी दिसू शकतं. अशा रिपोर्टवर हा मुलगा पेनानं 'कावीळ' असं लिहून ठेवतो. हे काम त्याला कुणी सांगितलेलं नाही. फार्मासिस्ट ताईंना लागतं, म्हणून तो करतो.

सकाळी ७:४५
ताई जयसिंगपूरहून एसटीनं येतात. बायकांना अर्धं तिकीट, तेवढाच महिन्याचा हिशेब बसतो. रुग्णालयात त्या क्लिनिकल फार्मासिस्ट आहेत. फार्म.डी. म्हणजे सहा वर्षांचं शिक्षण, भारतात २००८ साली सुरू झालेलं. हातात २२ हजार पडतात. नातेवाइकांना अजून वाटतं, ताई खाली काउंटरवर औषधं देतात.

त्यांच्या पिशवीत एक कॅल्क्युलेटर, एक लांब वही आणि शिंप्याकडे असते तशी दीड मीटरची टेप. टेप वीस रुपयांची. दर चार-सहा महिन्यांनी नवी घ्यायची, कारण ओढून ओढून ती सैल पडते आणि उंची कमी दाखवायला लागते.

सकाळी ८:२०
रात्रीत दाखल झालेल्यांचे केसपेपर टेबलावर आहेत. ताई ते चाळतात आणि किडनीवाटे बाहेर पडणारी औषधं ज्यांना चालू आहेत तेवढे बाजूला काढतात. अमिकासिन, मेरोपेनेम, एनॉक्सापॅरिन, गॅबापेंटिन, मेटफॉर्मिन. किडनी मंद असेल तर ही औषधं अंगात साचतात. कुणाचे कान जातात, कुणाला रक्तस्राव होतो, कुणी दिवसभर झोपून राहतं. आणि किडनी ठणठणीत असताना उगाच डोस कमी केला, तर जंतू मरत नाहीत. दोन्हीकडून माणूसच जातो.

बाजूला काढलेले पेपर एकोणीस. ताई वजनाच्या रकान्यावर बोट फिरवतात. ६०. ६०. ५०. ६०. ५०. अख्ख्या वॉर्डाची वजनं शून्यावर संपतात. म्हणजे काट्यावर कुणी चढलेलंच नाही.

सकाळी ८:४०
अकरा नंबरच्या खाटेवर कवठे महांकाळकडच्या एक आजी आहेत. डाव्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, पोटरी सुजून टणक झालेली. एनॉक्सापॅरिन चालू करायचं आहे. पोटात टोचायचं इंजेक्शन, किलोमागे एक मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. केसपेपरवर वय ६८, वजन ६०. क्रिएटिनिन १.१. रिपोर्टवर तारा नाही, म्हणजे लॅबच्या मर्यादेत. त्याखाली यंत्रानं स्वतः काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज, ५५. वरवर पाहिलं तर काळजीचं काही नाही.

ताई खाटेपाशी उभ्या राहून नुसत्या बघतात. आजींच्या मनगटातली काचेची बांगडी कोपरापर्यंत सरकते.

क्रिएटिनिन ही स्नायूंची राख आहे. चूल जळते, राख पडते, किडनी ती रोज लोटून बाहेर टाकते. आजींच्या अंगात सरपणच उरलेलं नाही. राख थोडी दिसते, त्यावरून झाडलोट नीट चालली आहे असं म्हणता येत नाही.

"आजी, वय किती?"

"त्या कागदावर हाय की."

कागद म्हणजे आधार कार्ड. त्यावर ०१/०१/१९५८. अशी एक जानेवारी या भागातल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या कार्डावर आहे. जन्मतारीख माहीत नसली की तीच पडते.

"कोयनेचा भूकंप आठवतो?"

"न आठवाय काय झालं? थोरला पाळण्यात हुता. पाळण्यासकट उचलला आन् अंगणात पळाले."

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. आधारप्रमाणे आजी तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. ताई पुढे विचारतात. लग्न कधी, न्हाण कधी आलं, थोरला किती वर्षांनी झाला. आजी बोटांवर मोजतात, मध्येच एक मेलेलं मूल आठवतं, त्यालाही मोजतात. भूकंपाच्या वेळी विशीच्या आसपास होत्या असं ठरतं. म्हणजे आज ७८ धरायचं. या चौकशीला अकरा मिनिटं लागली, आणि मला ती सगळ्या दिवसातली सर्वांत मोलाची वाटली.

आता वजन. वॉर्डातला काटा उभं राहून वजन करायचा. आजींना सुजलेल्या पायावर उभं राहता येत नाही. ताई स्वयंपाकघरात फोन लावतात. तिथं तांदळाची पोती मोजायचा प्लॅटफॉर्म काटा आहे. त्याच्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, दर वर्षी तपासणी होते. वॉर्डातल्या काट्याला असा शिक्का नाही. वॉर्डाचे मामा काटा हातगाडीवर घालून आणतात. लिफ्ट फक्त स्ट्रेचरसाठी, म्हणून रॅम्पवरून. काटा जड आहे आणि गाडीचं एक चाक अडतं. दोन मजले चढून मामांना जानेवारीत घाम येतो.

काट्यावर आधी प्लॅस्टिकची खुर्ची. २ किलो ६०० ग्रॅम. मग मावशी आणि सिस्टर आजींना दोन्ही काखांतून धरून खुर्चीत बसवतात. मामा मागून खुर्ची धरतात. "हात सोडा मामा, तुमचं वजन येतंय," ताई म्हणतात. मामा हात सोडतात, पण बोटं खुर्चीच्या जवळच ठेवतात. ४३.६. वजा खुर्ची. ४१ किलो.

वहीत गणित होतं. १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन. बाई असेल तर उत्तराचे ८५ टक्के. केसपेपरच्या आकड्यांनी मिनिटाला ४६ मिली येत होतं. खऱ्या आकड्यांनी येतं २७. एकाच बाईच्या किडनीचे सकाळपासून तीन आकडे झाले. ५५, ४६ आणि २७.

तीसच्या खाली एनॉक्सापॅरिन दिवसातून एकदाच द्यायचं असतं. साठ मिलिग्रॅम दोनदा लिहिलेलं, म्हणजे दिवसाला १२०. आता चाळीस, एकदा. थोरला, तोच पाळण्यातला, आता साठीचा आहे. तो विचारतो, "औषध कमी केलं म्हणजे पैसं कमी पडलं म्हणून न्हवं ना?" ताई त्याला बाजूला घेऊन सांगतात. आईच्या अंगाला एवढंच पुरेल, जास्त दिलं तर आतून रक्त जाईल. तो मान हलवतो. पहिल्या डोसाची साठची सिरिंज त्यानं आधीच आणून ठेवली आहे. फोडलेली नाही. काउंटरला परत घेतील, पावती लागेल. तो पावती शोधायला लागतो.

सकाळी १०:००
राऊंड. फिजिशियन सर पुढे, दोन निवासी डॉक्टर, इन्चार्ज सिस्टर, मागे ताई. ताई प्रत्येक ठिकाणी बोलत नाहीत. केसपेपरवर पिवळी चिठ्ठी लावलेली असते, सर ती वाचतात. पटली तर सही करतात, नाही पटली तर विचारतात. औषध बदलायचा अधिकार त्यांचा. अकरा नंबरला सर चिठ्ठी दोनदा वाचतात. "४१? कसं घेतलंत?" ताई सांगतात. सर आजींकडे बघतात, मग सही करतात. रक्तस्रावाची लक्षणं बघा असं सिस्टरना सांगतात आणि पुढे जातात.

पुरुष-वॉर्डात उलटा प्रकार. १०४ किलोचा माणूस, उंची साडेपाच फुटांच्या आत. त्याचं सगळं वजन गणितात घातलं तर किडनी पैलवानाची निघेल. चरबी क्रिएटिनिन बनवत नाही. ताई उंचीवरून आदर्श वजन काढतात, त्यावरच्या वजनातले चाळीस टक्के त्यात मिळवतात. ७८ किलो धरतात. शेजारच्या खाटेवर मधुमेहानं गुडघ्याखाली पाय काढलेला एक जण आहे. क्रिएटिनिन ०.८. ताई त्याच्यासमोर वहीत फक्त प्रश्नचिन्ह करतात. स्नायू कमी आहेत, पाय नाही, हा आकडा फसवा आहे. इथं सिस्टाटिन सी नावाची तपासणी करता आली असती, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. पण ती बाहेरच्या लॅबला पाठवावी लागते आणि क्रिएटिनिनच्या कितीतरी पट महाग पडते. ताई ती आज सुचवत नाहीत.

सकाळी ११:१५
बालरुग्ण वॉर्ड. सहा वर्षांचा मुलगा. चार दिवस जुलाब-उलट्या, ताप, आता लघवीत जंतुसंसर्ग. आई इचलकरंजीची, कांड्या भरायला जाते. तीन दिवस खाडा झालाय.

क्रिएटिनिन ०.९. रिपोर्टवर छापलेली मर्यादा ०.७ ते १.३. पुन्हा तारा नाही. पण ती मर्यादा मोठ्या माणसांची. या वयाच्या, एवढ्याशा अंगाच्या पोराचं क्रिएटिनिन ०.४ च्या आसपास असायला हवं.

मुलांना वेगळं गणित. उंची गुणिले ०.४१३, भागिले क्रिएटिनिन. वजन लागत नाही, उंची लागते. वॉर्डाच्या भिंतीवर उंची मोजायला जिराफाचं चित्र आहे. फरशी नवी बसवली तेव्हापासून ते दोन सेंटिमीटर जास्त दाखवतं. ताई मुलाला चप्पल काढून भिंतीला टाचा टेकवायला सांगतात. डोक्यावर केसपेपरचा पुठ्ठा आडवा धरतात, पेन्सिलीनं खूण करतात, टेपनं मोजतात. मुलगा गुडघे वाकवतो. परत. ११२ सेंटिमीटर.

०.४१३ गुणिले ११२, भागिले ०.९. उत्तर ५१. निरोगी पोराचं शंभराच्या वर असतं. निम्मी किडनी बंद, आणि कागदावर सगळं नॉर्मल.

केसपेपरवर अमिकासिन लिहिलंय, किलोमागे १५ मिलिग्रॅम. ताई बालरोगतज्ज्ञ मॅडमना गाठतात. मॅडम रिपोर्ट बघतात. "अरे, हे पोर कोरडं पडलंय." अमिकासिन काटतात, सेफ्ट्रियाक्सोन लिहितात. त्याचा निचरा निम्मा यकृतातून होतो, एकट्या किडनीसाठी डोस बदलावा लागत नाही. सलाईन वाढवतात. उद्या सकाळी क्रिएटिनिन परत.

ताई जायला निघतात, मग थांबतात. "घरी तापाला काय दिलं होतं, ताई?" त्या मुलाच्या आईलाही ताईच म्हणतात. आई पिशवीतून बाटली काढते. मेफेनॅमिक ॲसिडचं सिरप. गल्लीतल्या दुकानातून आणलेलं, अर्धं संपलेलं. अंगात पाणी नसताना हे औषध किडनीला आणखी दाबतं. "हे आता देऊ नका. तापाला इथलंच." आई बाटलीचं टोपण घट्ट लावते आणि परत पिशवीत ठेवते. टाकवत नाही. पैसे पडलेत.

दुपारी १२:३०
नवजात कक्ष. चपला बाहेर, हात कोपरापर्यंत धुवायचे. बत्तीस आठवड्यांत जन्मलेलं बाळ, दुसरा दिवस, १६०० ग्रॅम. इथं ताई कुठलंच सूत्र वापरत नाहीत. पहिल्या काही दिवसांत बाळाच्या रक्तातलं क्रिएटिनिन आईचं असतं, नाळेतून आलेलं. त्यावरून बाळाच्या किडनीबद्दल काही कळत नाही. किती आठवड्यांचं आणि किती दिवसांचं, एवढ्यावर तक्ता बघायचा. जेंटामायसिन, ७ मिलिग्रॅम, ३६ तासांनी एकदा.

ॲम्प्यूल ८० मिलिग्रॅमचं, २ मिलीत. त्यातून सात काढायचे म्हणजे सिरिंजमध्ये दिसेल न दिसेल एवढा थेंब. सिस्टर १ मिली घेतात, त्यात ३ मिली सलाईन मिसळतात. आता १ मिलीत १० मिलिग्रॅम. त्यातलं ०.७ मिली. ताई शेजारी उभ्या राहून सिरिंजवरची रेघ बघतात. दोघी आकडा मोठ्यानं वाचतात. बाकीचं औषध टाकून द्यावं लागतं.

दुपारी १:४०
डबा. भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी. ताई जेवताना माझ्या प्रश्नांना उत्तरं देतात.

मोठ्यांचं सूत्र १९७६ सालचं. डोनाल्ड कॉक्रॉफ्ट आणि हेन्री गॉल्ट या दोघांचं, कॅनडातल्या माँट्रियालचं. २४९ रुग्णांच्या आकड्यांवरून काढलेलं, जवळजवळ सगळे पुरुष. बायकांसाठी पंधरा टक्के कमी धरा, हे त्यांनी अंदाजानं सांगितलं. मुलांचं सूत्र जॉर्ज श्वार्ट्झ यांचं, तेही १९७६ चंच. २००९ साली ते सुधारलं आणि ०.४१३ आलं. यंत्र छापतं तो ईजीएफआर नव्या सूत्राचा, २०२१ चा. तो १.७३ चौरस मीटर अंगाच्या माणसासाठी असतो. आजींचं अंग १.३ सुद्धा भरत नाही.

"मग जुनंच का वापरता?"

"औषधांचे डोसचे तक्ते बहुतेक जुन्यावर बेतलेत. तक्ता ज्या मापाचा, माप पण तेच घ्यायचं."

माँट्रियालच्या त्या पुरुषांवरून कवठे महांकाळच्या आजींची किडनी मोजायची. मला हे अवघड वाटतं. ताईंनाही वाटत असणार. म्हणून तर त्या आकडा लिहिला तरी खाटेपाशी जाऊन माणूस बघतात.

दुपारी २:५०
अतिदक्षता विभाग. बीडकडचा ऊसतोड मजूर, ३८ वर्षांचा, ५५ किलो. पायाला कोयता लागला, जखम चिघळली, विष रक्तात भिनलं. बायको दाराबाहेर बसून आहे. जोडीनं उचल घेतलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, तो आता अर्धा. कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, अजून दोन महिने आहेत, आणि उचल फिटलेली नाही.

काल क्रिएटिनिन १.१, आज २.३. सूत्रानं काल ७१ येत होतं, आज ३४. निवासी डॉक्टर ३४ धरून मेरोपेनेमचा डोस कमी करायला निघालेत. ताई लघवीची पिशवी वाकून बघतात. सहा तासांत ६० मिली. ताशी दहा. एवढ्या वजनाच्या माणसाला ताशी निदान सत्तावीस तरी हवी.

"सर, क्रिएटिनिन अजून चढतंय. सूत्र स्थिर आकड्यावर चालतं. ३४ नाहीये हे, दहाच्या पण खाली असेल."

"मग आणखी कमी करायचं?"

"आज नाही."

हे मला समजायला वेळ लागला. किडनी जवळजवळ थांबली आहे, तरी औषध कमी करायचं नाही? पण आज या माणसाला जंतू मारताहेत. मेरोपेनेम थोडं जास्त साचलं तर एक-दोन दिवस सोसतं. कमी पडलं तर उद्या डोस ठरवायला माणूस राहणार नाही. अतिदक्षतेच्या मोठ्या मॅडम येतात, दोघांचं ऐकतात. आजचा दिवस पूर्ण डोस, ग्रॅम-ग्रॅम आठ तासांनी. उद्या सकाळी क्रिएटिनिन आणि लघवी बघून ठरवायचं. कळ मारायला लिहिलेलं डायक्लोफिनॅक मात्र आत्ताच बंद. तासातासाला लघवी मोजून लिहायची. ब्रदर फळ्यावर रकाना आखतो.

दुपारी ४:१०
ओपीडी. शिरोळकडचे ७४ वर्षांचे आजोबा. मुलगा सांगतो, "दिवसभर झोपतात. काल न्हाणीघरात पडले. वय झालं आता." मधुमेहामुळे पायाची आग होते, म्हणून गॅबापेंटिन, ३०० मिलिग्रॅम, तीन वेळा. दोन वर्षांपासून चिठ्ठी तीच. क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट गेल्या उन्हाळ्यातला.

"आज परत करावं लागेल." १५० रुपये. मुलगा खिसा चाचपतो, मग देतो. तासाभरानं रिपोर्ट येतो. २.१. काट्यावर वजन ४९. वहीत २१.

एवढ्या किडनीला दिवसाला ९०० मिलिग्रॅम नको. ओपीडीचे डॉक्टर एकच गोळी करतात, रात्री. किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवणीची चिठ्ठी देतात. ताई गोळ्यांच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात 'रात्री १' लिहितात आणि वरच्या पट्टीतल्या गोळ्या मुलाला मोजून दाखवतात. घरी आणखी पाच पट्ट्या आहेत, तो सांगतो. "त्या वापरा. नव्या घेऊ नका. पंधरा दिवसांनी आणा त्यांना." आजोबा डोळे किलकिले करून विचारतात, "म्हणजे मी म्हातारा झालो म्हणून झोपत नव्हतो?"

"झोप गोळीची होती, आजोबा."

संध्याकाळी ५:३०
हँडओव्हर. ताई वहीतून रजिस्टरात उतरवतात. अकरा नंबर, ४१ किलो, एनॉक्सापॅरिन ४० एकदा, उद्या क्रिएटिनिन. बालरुग्ण वॉर्ड, क्रिएटिनिन परत, सिरप बंद. अतिदक्षता, सकाळी सातला लघवीचा चोवीस तासांचा हिशेब. सकाळी काढलेल्या एकोणीस पेपरांपैकी सातांवर चिठ्ठी लागली, सहा डॉक्टरांनी मान्य केल्या. सातवीवर उद्या बोलायचं आहे. नवीन दाखल झालेले चार. त्यातल्या तिघांचं वजन ६०. ताई त्या रकान्यावर गोल करतात आणि रात्रपाळीच्या सिस्टरला दाखवतात. "उद्या सकाळी मामांना सांगते काटा आणायला," सिस्टर म्हणतात. काटा सातच्या आत आणावा लागेल, त्यानंतर स्वयंपाकघरात तांदूळ येतो.

मग ताई पिशवीतून एक फाईल काढतात. बसून वजन घ्यायच्या खुर्चीकाट्याचा अर्ज, २८ हजारांचा. लेखा विभागानं तीन कोटेशनं मागितली होती. दोन दिवाळीआधीच लावलेली आहेत, तिसरं आज दुपारी व्हॉट्सॲपवर आलं. त्याची प्रिंट काढायला दोन रुपये, समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे. लेखा विभाग सहाला बंद होतो. ताई रस्ता ओलांडतात.